काट्यावरची दोन अक्षरं

महापे रोडला लखमशीभाईच्या काट्याचा बोर्ड मी रंगवला.
पिवळ्यावर काळी, फूट-फूट उंच अक्षरं.
वे-ब्रिज.
ऐकलं तसं लिहिलं: डब्ल्यू, ए, वाय.

जागृती डबा घेऊन आली, मान वर करून वाचलं
आणि हसायलाच लागली.
"पप्पा, तुम्ही रस्ता लिहिलाय. त्यांना वजन पाहिजे होतं.
ए-वाय पुसा, तिथं ई-आय-जी-एच घाला."
"जी-एच? म्हणजे घ?"
"हो. पण म्हणायचा नाही."

घ म्हणायचा नाही!
घणसोलीत जन्मलेल्या माणसानं!
गावाच्या कमानीवर हेच जी-एच मी तीनदा रंगवलेत,
तिथं कसे खणखणीत बोलतात,
घमेलं फरशीवर आपटावं तसे.

ती रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसली, मी भाकरी मोडली.
"लाइट," ती म्हणाली, "उजेड. त्यात आहे, गप्प.
नाइट, त्यातही गप्प.
उंची, उजवा हात, उसासा, सगळीकडे नुसता उभा.
भुतात मात्र ग होतो. घी-तुपात पण बोलतो,
ते आपल्याकडूनच गेलंय.
आणि लाफ म्हणजे हसणं, तिथं त्याचा फ होतो."
"का?"
"का ते नाही सांगितलं बाईंनी.
पूर्वी म्हणे घशातून काढायचे, खाकरल्यासारखा,
मग लोकांना कंटाळा आला."

घसा. त्यातही घ आहे, हे मी बोललो नाही.

मग तिनं खडूनं पत्र्यावर लिहून दाखवलं:
डॉटर, म्हणजे मुलगी.
पहिलं अक्षर बदललं की लाफ्टर, हसू.
त्याच्या आधी एक एस लावला
की स्लॉटर. कत्तल.
मधली अक्षरं तीच, जागची हलली नाहीत.
मी म्हटलं, पूस ते शेवटचं.
तिनं ओढणीनं पुसलं.

बोर्ड दुरुस्त करायला चार दिवस गेले,
कारण मधे वाशीच्या दवाखान्यात जाऊन आलो.
टर्पेंटाइननं होतं असं, मी आधीपासून म्हणत होतो.
सिस्टरनं केसपेपर भरला. रांगेत बसून
मला येतात ती अक्षरं मी शोधली.
हाइट, त्यात होते. वेट, त्यात होते.
खाली, कफ. तीन आठवडे.
आपल्याकडे कफ म्हणजे छातीतला,
त्यांच्याकडे खोकलाच कफ, आणि तिथं जी-एच फ होऊन बसलेले.
त्याच्याखाली नाइट, आणि घामाचं काहीतरी.
एका कागदावर चार वेळा.
चारातले तीन मुके.
एक तेवढा बोलला, तोही माझ्याच छातीतून.

घरी विचारलं, काय म्हणाले?
म्हटलं, थुंकी तपासायला दिलीय.
जागृतीनं केसपेपर वाचला, घडी केली,
डिक्शनरीत ठेवला.
त्या रात्री तिनं एकही शब्द सांगितला नाही.

आज पहाटे शिडी लावली.
ए पुसला, वाय पुसला. ई काढला, आय काढला.
जीचं पोट भरताना खोकला आला,
ब्रश हलला, एक ओघळ खाली आला.
थांबलो. मग एच.
एच सोपा असतो, दोन खांब आणि एक फळी,
शिडीसारखा.

खाली उतरलो तर लखमशीभाई केबिनमधून ओरडले,
"पेंटर, काट्यावर उभा राहा, मशीन चालू आहे!"
उभा राहिलो, पाच लिटरच्या डब्यासकट.
हा काटा ट्रकांसाठी, वीस-वीस किलोंनी पुढे सरकतो.
लाल आकडा जरा घुटमळला,
साठवर जाईल असं वाटलं,
मग चाळीसवर थांबला.

"एवढंच?" ते म्हणाले. इंग्रजीत याला एनफ म्हणतात,
जागृतीनं सांगितलं होतं. पुरे.
त्याच्याही शेवटी तीच दोघं.

वर बघितलं.
ओघळ अजून ओला होता.
पुसायला पुन्हा शिडी चढलो.